मोजणीत माल कमी निघाला, तर चोराआधी तुटीची जागा शोधा

प्रश्न थोडक्यात असा: गिऱ्हाइकाने स्वतः माल निवडून घ्यायचा, अशा पद्धतीचं मध्यम दुकान आहे. मालाचे साधारण ६,००० प्रकार आहेत आणि १४ कर्मचारी. वर्षअखेरच्या मोजणीत विक्रीच्या २.४ टक्के माल कमी निघाला. उचलेगिरी वाढली आहे असं मालकांना वाटतं. कॅमेरे दुप्पट करा आणि दाराशी अलार्मचे खांब बसवा, असा सल्ला त्यांना मिळतो आहे. सुरुवात कुठून करावी?

आधी काहीही विकत घेऊ नका. २.४ टक्के तूट गंभीर आहे, पण त्या आकड्यावरून चोरी झाली असं म्हणता येत नाही. पुस्तकातला साठा आणि मांडणीवरचा साठा जुळत नाही, एवढंच त्यावरून कळतं. पुस्तकातला साठा म्हणजे सुरुवातीचा साठा, त्यात खरेदी आणि दुसरीकडून आलेला माल मिळवायचा, आणि विक्री, बाहेर पाठवलेला माल व नोंदवलेली खराबी वजा करायची. यातला एकही आकडा चुकला, तर एक नगही चोरीला न जाता तूट दिसते.

म्हणून पहिले दोन दिवस कागदांना द्या. मोजणीच्या दिवशी कोणत्या क्रमांकाच्या खरेदी बिलापर्यंतची नोंद झाली होती? त्यातला एखादा माल मोजणीनंतर दुकानात आला का? पुरवठादाराला परत पाठवलेला खराब माल पुस्तकातून कमी केला होता का? काउंटरमागचा, काचेतला, गोदामाच्या वरच्या फळीवरचा माल मोजला गेला का? मालाची किंमत खरेदी दराने धरली की विक्री दराने? नफ्याचं प्रमाण विक्रीच्या २५ टक्के असेल, तर विक्री दराने काढलेली २.४ टक्के तूट खरेदी दराने १.८ टक्केच असते. मागच्या वर्षी एक पद्धत आणि यंदा दुसरी वापरली असेल, तर तुलनेला काही अर्थ उरत नाही.

विक्री दराने हिशेब ठेवणाऱ्यांनी सवलती वेगळ्या तपासाव्यात. समजा, एका वस्तूचे १०० नग होते आणि त्यांची किंमत २० टक्क्यांनी उतरवली, पण किंमत उतरवल्याची नोंद केली नाही. ६० नग विकले गेले, ४० उरले. विकलेल्या ६० वर १२ नगांच्या जुन्या किमतीएवढी रक्कम कमी आली आणि उरलेल्या ४० नगांच्या मूल्यात आणखी ८ नगांएवढा फरक पडला. सगळे १०० नग जागच्या जागी, तरी पुस्तकात २० नगांची तूट. मोठ्या सेलनंतरच्या मोजणीत अशी कागदी तूट हमखास निघते आणि आळ येतो गिऱ्हाइकांवर.

तुलनेसाठी एक आकडा. अमेरिकेतल्या नॅशनल रिटेल फेडरेशन या किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेच्या पाहणीत २०२२ या वर्षाची सरासरी तूट विक्रीच्या १.६ टक्के होती. त्यात बाहेरच्यांची चोरी ३६ टक्के, कर्मचाऱ्यांची २९ टक्के आणि प्रक्रियेतल्या चुका २७ टक्के अशी विभागणी दाखवली होती. हा आकडा वापरा, पण जपून. ही विभागणी दुकानदारांनी स्वतः सांगितलेल्या अंदाजांवर उभी आहे. चोरी नेमकी किती झाली, हे न पकडलेला चोर येऊन सांगत नाही. २०२१ मधल्या ९४.५ अब्ज डॉलरच्या तुटीपैकी जवळपास निम्मी संघटित चोरीमुळे, हा याच संस्थेचा दावा तिला डिसेंबर २०२३ मध्ये मागे घ्यावा लागला. एवढ्या मोठ्या संस्थेची जिथे फसगत होते, तिथे एका दुकानाने एका वार्षिक आकड्यावरून निदान करायला जाऊ नये. तरी या विभागणीतून एक गोष्ट नक्की कळते. दारातून बाहेर जाणाऱ्या चोरावर सगळा खर्च केला, तरी तुटीचा मोठा भाग हातचा सुटतो.

वार्षिक मोजणीची खरी अडचण ही आहे की तूट कोणत्या महिन्यात, कोणत्या दिवशी, कोणत्या खोक्यातून झाली हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी छोटी आणि वारंवार मोजणी लागते. ६,००० प्रकारांतून १२० निवडा. मागच्या मोजणीत सर्वांत जास्त तूट दिसलेले ६०, खिशात मावणारे महाग ४० आणि कसलीही शंका नसलेले २०. हे शेवटचे २० मुद्दाम घ्यायचे, कारण त्यांच्यातही तूट निघाली तर दोष चोरीचा नसून नोंदींचा असण्याची शक्यता वाढते. रोज २० प्रकार, दुकान उघडण्याआधी, आठवड्यातले सहा दिवस. म्हणजे प्रत्येक वस्तू आठवड्यातून एकदा मोजली जाते. दोन माणसांचं अर्ध्या तासाचं काम आहे.

मोजणाऱ्याच्या कागदावर पुस्तकातला आकडा छापू नका. समोर '१४' लिहिलेलं दिसलं की माणूस १३ मोजूनही १४ लिहितो, आणि त्यात लबाडी नसते, डोळाच तसा पाहतो. कागदावर जागांची नावं मात्र छापा: मांडणी, वरची फळी, गोदाम, काउंटर, काच, परत आलेल्या मालाची टोपली. फरक दोन नगांपेक्षा जास्त आला की दुसऱ्या माणसाने पहिला आकडा न पाहता पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदाही फरक तोच आला, तर पुस्तकातला आकडा त्याच दिवशी सुधारा आणि शेजारी कारण लिहा. कारण सापडलं नसेल तर 'अज्ञात' लिहा. अंदाजाने 'चोरी' लिहू नका. तो शब्द एकदा वहीत आला की पुढचा तपास थांबतो.

चार आठवड्यांत फरकांचा आकार बोलू लागतो. पुढचा सगळा खर्च या आकारावर ठरायला हवा, म्हणून इथे थोडं थांबतो.

तूट ६, १२, २४ अशी खोक्याच्या पटीत असेल, तर आधी शेवटची माल-आवक उघडा. १२ च्या खोक्याची नोंद २४ ची झाली, किंवा कंपनीने खोकं १२ वरून १० चं केलं आणि सिस्टममध्ये जुनंच राहिलं, तर प्रत्येक खोक्यामागे दोन नग कागदावरच गायब होतात. महिन्याला ५० खोकी येत असतील, तर १०० नगांची तूट विनाकारण दिसते.

एका वस्तूत ७ कमी आणि तिच्याच दुसऱ्या रंगात, वासात किंवा आकारात ७ जास्त निघाले, तर काउंटरवर सहा वेगवेगळे नग एकाच बारकोडवर 'गुणिले सहा' करून मारले जात आहेत. किंमत सारखी असल्याने गिऱ्हाइकाला काही जाणवत नाही आणि गल्लाही जुळतो. पण साठा बिघडतो. त्यातून चुकीची ऑर्डर जाते आणि जो रंग खरोखर खपतो तोच कायम संपलेला राहतो.

साठा उणे दिसत असेल, म्हणजे सिस्टममध्ये वजा ५, तर माल नोंदीविना मांडणीवर गेला आहे किंवा चुकीच्या कोडखाली आला आहे. जास्त निघालेला माल पाहून खूश होऊ नका. तो बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी तुटीचा जोडीदार असतो. कधी तो दहावर एक फुकट आलेला अकरावा नग असतो, ज्याची नोंदच झाली नाही. असे फुकटचे नग खऱ्या चोरीवर पांघरूण घालतात: ५ चोरीला गेले, ५ नोंदीविना आले, आणि मोजणी अगदी बरोबर.

दर आठवड्याला एक, दोन, तीन नग संथपणे कमी होत असतील, तर ती चोरीची खूण आहे. आता प्रश्न उरतो बाहेरच्याची की आतल्याची. मांडणीच्या मागे रिकामी वेष्टनं, फाडलेली लेबलं सापडतात का? सापडत असतील तर गिऱ्हाइकाकडे बोट जातं. गोदामातल्या १२ च्या सीलबंद खोक्यात ११ नग निघतात का? तिथे गिऱ्हाइक पोहोचत नाही, म्हणून एक तर पुरवठ्यातच कमी आलं आहे किंवा आतल्या माणसाने काढलं आहे. तूट ठरावीक पाळीच्या दिवशीच वाढते का? वस्तू रोज मोजली तर हे दोन-तीन आठवड्यांत कळतं. आणि सकाळी १८ असलेले नग संध्याकाळी शून्य, विक्री दोनच, असं दिसलं तर कुणीतरी अख्खी रांग पिशवीत ओतून नेली आहे. असा चोर स्वतःसाठी नेत नाही, विकण्यासाठी नेतो. जमलं की तो परत येतो.

आता मालाच्या आवकीकडे वळू. तूट कमी करायची सर्वांत स्वस्त जागा माझ्या मते हीच आहे, आणि सर्वांत दुर्लक्षितही. माल उतरवून घेणाऱ्याच्या हातात ऑर्डरचे आकडे असले की तो मोजत नाही, बरोबरच्या खुणा करत जातो. त्याला वस्तूंची नावं असलेला, पण संख्येची जागा कोरी असलेला कागद द्या. त्याने मोजून आकडा भरायचा आणि मग तिसऱ्या माणसाने तो बिलाशी ताडायचा. एका वेळी एकच गाडी. दोन पुरवठादारांचा माल एकाच वेळी जमिनीवर उतरला की एकाचा माल दुसऱ्याच्या हिशेबात जातो. आधी खोकी मोजा, मग दहातलं एक खोकं उघडून आतले नग मोजा. महाग माल असेल तर सगळीच खोकी उघडा. ढिगातलं तळाचं आणि मधलं खोकं निवडा, वरचं नको. चिकटपट्टी दोनदा मारलेली दिसली, खोकं हाताला हलकं लागलं, कोपरा दबलेला असला, तर ते उघडायचंच.

कमी निघालेला माल गाडी उभी असतानाच चलनाच्या दोन्ही प्रतींवर लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. 'नंतर फोनवर सांगू' म्हटलं की ती तूट तुमची झाली. आवकीची नोंद त्याच दिवशी, माल मांडणीवर जाण्याआधी व्हावी. माल घेणारा आणि बिलाचे पैसे मंजूर करणारा एकच माणूस नसावा. तो अप्रामाणिक आहे म्हणून नव्हे. त्याच्या चुका पकडणारं दुसरं कुणी उरत नाही, म्हणून.

काही पुरवठादारांची माणसं थेट आत येऊन माल मांडणीवर लावतात आणि जुना, खराब माल परत नेतात. इथे बारकाईने पाहा. आत येताना मोजणी होते, बाहेर जाताना बहुतेक ठिकाणी होत नाही. परत नेलेल्या प्रत्येक नगाची पावती फाडा आणि तिचा परतावा पुढच्या बिलात आला का ते महिन्यातून एकदा जुळवा. रिकामी खोकी उघडून, सपाट करूनच बाहेर जाऊ द्या. कचऱ्याच्या पिशव्या पारदर्शक ठेवा. मागच्या दाराची किल्ली एकाच माणसाकडे असावी आणि दार उघडल्याची वेळ लिहिली जावी.

फुटलेला, मुदत संपलेला, दुकानातच वापरलेला माल, नमुन्यासाठी उघडलेली बाटली, साफसफाईला घेतलेला साबण यांची नोंद टाकायच्या जागीच व्हायला हवी. वही ऑफिसात आणि कचराकुंडी मागे असेल, तर वहीत काही उमटणार नाही. फोडल्याबद्दल ओरडा बसणार असेल तरीही उमटणार नाही. फुटलेली वस्तू लपवावी लागते तेव्हा ती तुटीत जाते आणि तुम्ही तिचा चोर शोधत बसता.

गल्ल्यावरची चोरी निराळी असते. तिच्यात माल आणि पैसा एकत्र हलतात. नेहमीचे प्रकार हे: ओळखीच्या माणसाच्या चार वस्तूंपैकी दोनच बारकोडसमोर धरायच्या, महाग वस्तूच्या जागी हातात लपवलेला स्वस्त बारकोड मारायचा, गिऱ्हाइक रोख देऊन गेल्यावर बिलातली वस्तू रद्द करायची आणि तेवढे पैसे खिशात घालायचे, गिऱ्हाइक समोर नसताना परताव्याचं बिल करायचं. गल्ला रोज अगदी जुळतो, म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. मुरलेला माणूस पैसे कमी पडू देत नाही. उलट एखाद्याचा गल्ला मध्येच मोजला आणि त्यात वारंवार जास्त रक्कम निघाली, तर ती बिलाविना घेतलेली आणि पाळी संपताना उचलायची रक्कम असू शकते.

दर आठवड्याला प्रत्येक कर्मचाऱ्याचे पाच आकडे काढा: १०० बिलांमागे रद्द केलेल्या वस्तू, परताव्याची बिलं, विक्रीविना गल्ला उघडल्याच्या वेळा, हाताने टाकलेल्या किमती आणि दर बिलातल्या वस्तूंची सरासरी. तुलना त्याच पाळीतल्या इतरांशी करा. कुणाचा आकडा इतरांच्या तिप्पट-चौपट आला, तर लगेच त्याला बोलावू नका. आधी त्याची दहा बिलं निवडा आणि त्या वेळेचं चित्रण पाहा. स्कॅनर जुना असेल, तो नवा असेल, परताव्याचं काम त्याच्याच काउंटरवर येत असेल. निरपराध कारणं बरीच असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली तर एक चांगला माणूस जातो, आणि बाकीचेही तुमच्यापासून मनाने दूर होतात.

यातलं काहीही चालण्यासाठी एक अट आहे. प्रत्येकाचं लॉगिन आणि गल्ल्याचा ट्रे वेगळा हवा. सगळे एकाच पासवर्डवर बिलं करत असतील, तर कुठलाही आकडा कुणाचाच नसतो. रद्द करण्याची परवानगी देणारा वरिष्ठ काउंटरवर येऊन पाहत असेल तरच त्या परवानगीला अर्थ आहे. लांबून पासवर्ड सांगणारा वरिष्ठ काहीच तपासत नाही.

आता गिऱ्हाइकांची उचलेगिरी. सगळा माल सारखा चोरला जात नाही. गुन्हेशास्त्रज्ञ रोनाल्ड क्लार्क यांनी १९९९ मध्ये चोरांना भावणाऱ्या मालाचे सहा गुण मांडले: लपवता येणारा, सहज हलवता येणारा, हाताशी असणारा, मौल्यवान, हवाहवासा आणि पुढे विकता येणारा. आपल्या १२० वस्तूंना या सहा कसोट्या लावा. पाच-सहा गुण जुळणारे २०-३० प्रकारच निघतील. खर्च त्यांच्यावर करा. बाकी ५,९७० प्रकारांवर टॅग, म्हणजे दाराशी घंटा वाजवणाऱ्या पट्ट्या, लावत बसू नका.

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे माणसाचं लक्ष. आत आलेल्या प्रत्येकाकडे अर्ध्या मिनिटात कुणीतरी पाहून नमस्कार करावा, आणि कोपऱ्यात रेंगाळणाऱ्याला 'काय शोधताय, काढून देऊ का?' असं विचारावं. प्रामाणिक गिऱ्हाइकाला यातून सेवा मिळते. उचल्याला कळतं की आपला चेहरा कुणीतरी पाहिला आहे. कपडे, वय, भाषा, दिसणं यांवरून कुणाच्याही मागे माणूस लावू नका. ते अन्यायाचं आहे, आणि त्यामुळे खरा चोर बिनधास्त वावरतो. पाहायचं ते वागणं: मालाऐवजी कर्मचाऱ्यांकडे नजर, लेबल न वाचता एकाच वस्तूचे पाच-सहा नग उचलणं, उघडी पिशवी, एकाच आडोशाला पुन्हा पुन्हा जाणं. यातल्या कशानेही चोरी सिद्ध होत नाही. मदतीला जाण्यासाठी एवढं कारण पुरेसं आहे, बस.

दुकानाचा नकाशा काढून त्यावर रिकामी वेष्टनं सापडलेल्या जागा ठिपक्यांनी दाखवा. महिन्याभरात ठिपके दोन-तीन कोपऱ्यांत गोळा होतात. वस्तू उचलली जाते एकीकडे, फोडली जाते दुसरीकडे. आरसा किंवा कॅमेरा या दुसऱ्या जागेला लागतो, महाग मालासमोर नव्हे. मधल्या मांडण्यांची उंची दीड मीटरच्या आत ठेवली तर काउंटरवरून डोकी दिसतात. जोखमीच्या वस्तूचे दोन-तीनच नग बाहेर ठेवा आणि पुढची रांग नेहमी भरलेली ठेवा, म्हणजे खाच पडली की लगेच दिसते. कपडे घालून पाहण्याच्या खोलीत जाताना नगांच्या संख्येचं टोकन द्या आणि बाहेर येताना मोजून घ्या.

काचेच्या कपाटाला कुलूप घालणं शेवटी. चोरी थांबते, पण विक्रीही पडते. किल्ली घेऊन माणूस येईपर्यंत गिऱ्हाइक दोन-तीन मिनिटं थांबत नाही. त्याऐवजी मांडणीवर रिकामं खोकं ठेवा आणि खरा नग काउंटरवरून द्या.

लेबलांची अदलाबदल आणि खोक्याची अदलाबदल काउंटरवरच पकडता येते. स्कॅन झाल्यावर पडद्यावरचं नाव वाचायची सवय लावा, आणि उघडता येणारं प्रत्येक खोकं उघडून आत पाहा. स्वतः स्कॅन करायच्या मशीनवर जोखीम जास्त, कारण तिथे चूक आणि चोरी यांतला फरक बाहेरून दिसत नाही. अशा मशीन असतील तर त्यांच्याजवळ कायम एक माणूस लागतो. पावतीविना माल परत घेताना रोख देऊ नका, बदली वस्तू किंवा जमापत्र द्या. चोरलेला माल तुम्हालाच विकण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

दाराशी बसवायच्या खांबांबद्दल. बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात, ८.२ मेगाहर्ट्झवर चालणारी रेडिओ पद्धत आणि ५८ किलोहर्ट्झवर चालणारी ध्वनी-चुंबकीय पद्धत. एकीचा टॅग दुसरीवर चालत नाही. पहिलीची लेबलं पातळ आणि स्वस्त असतात, पण धातूच्या डब्यावर किंवा चमकत्या पन्नीवर ती आंधळी होतात. दुसरी धातूजवळ जास्त टिकते आणि रुंद दाराला चालते. आतून पन्नी लावलेली पिशवी आणणारा तयारीचा चोर दोन्हींना चकवू शकतो, म्हणून खांब हौशी उचल्यांना अडवतात एवढंच धरून चाला. ही यंत्रणा निकामी होते ती मात्र खोट्या घंटांमुळे. काउंटरवर टॅग निष्क्रिय करायचे राहतात, टॅग असलेला माल दारापासून दीड-दोन मीटरच्या आत मांडलेला असतो, घंटा दिवसात तीस वेळा वाजते, आणि मग कर्मचारी हात हलवून 'जा, जा' म्हणू लागतात. त्यानंतर ते खांब नुसते शोभेचे. रोज सकाळी एक टॅग घोट्याजवळ, कमरेजवळ आणि खांद्याजवळ धरून दोन खांबांच्या मधोमध चालून पाहा. प्रत्येक घंटेची वेळ आणि कारण लिहा.

कॅमेऱ्यांची संख्या दुप्पट करण्याआधी आहेत ते कुठे पाहतात ते बघा. अनोळखी माणसाची ओळख पटवायला चित्रात दर मीटरला २५० पिक्सेल लागतात, ओळखीचा माणूस कळायला १२५. फुल एचडी कॅमेऱ्याची रुंदी १,९२० पिक्सेल. म्हणजे चेहरा हवा असेल तर त्या अंतरावर चौकट साडेसात मीटरपेक्षा रुंद नको. छतावरून १२ मीटर रुंद दृश्य घेणारा कॅमेरा मीटरला १६० पिक्सेल देतो, आणि वरून पाहत असल्याने त्याला दिसतात टाळू आणि टोप्या. दारात एक कॅमेरा डोक्याच्या थोडा वर, समोरून, बाहेरच्या उजेडाने चेहरा काळा पडणार नाही असा लावा. हा एकच छतावरच्या चार कॅमेऱ्यांपेक्षा उपयोगी पडतो. दुसरा प्रत्येक गल्ल्यावर, हात आणि माल दिसेल असा. साठवणुकीचा हिशेब आधी करा: ४ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी घेतो, ३० दिवसांना १.३ टीबी. आठ कॅमेऱ्यांना १०.४ टीबी. छोटी डिस्क असेल तर आठवड्याच्या मोजणीत तूट कळेपर्यंत चित्रण पुसलेलं असतं. आणि बिलिंग मशीन व कॅमेरा यांचं घड्याळ एकच वेळ दाखवतं ना, ते दर सोमवारी पाहा. चार मिनिटांचा फरक असला की बिल आणि चित्र यांची सांगड लागत नाही.

कुणाला थांबवण्याचा प्रसंग आला तर नियम कडक ठेवा. अडवण्याचे आणि झडतीचे कायदे ठिकठिकाणी वेगळे आहेत. आपल्याकडचे वकिलाकडून लेखी घ्या आणि तोवर कुणाच्या अंगाला, पिशवीला हात लावू नका. ती व्यक्ती रिकाम्या हाताने मांडणीजवळ आली, तिने वस्तू उचलली, लपवली, ती सतत नजरेसमोर होती आणि पैसे न देता शेवटच्या काउंटरपुढे गेली, हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तरच बोला. मध्ये दहा सेकंद नजर हटली असेल तर सोडून द्या. तेवढ्यात वस्तू परत ठेवली गेलेली असू शकते. घंटा वाजली तर 'टॅग काढायचा आमच्याकडून राहिला असेल, बघू या' असंच म्हणायचं. दाराबाहेर पाठलाग नाही, कधीच नाही. कुठल्याही मालासाठी कर्मचाऱ्याने जीव धोक्यात घालायचा नसतो.

आणखी एक आग्रहाने सांगतो. तुटीची रक्कम सगळ्यांच्या पगारातून वाटून कापू नका. बऱ्याच ठिकाणी ते बेकायदा असतं. पण कायदेशीर असलं तरी करू नका. चोराचा तोटा इतरांत वाटला जातो, म्हणून त्याला ते परवडतं. प्रामाणिक माणूस नोकरी सोडून जातो आणि राहिलेले लोक फुटलेला माल लपवायला शिकतात.

नग कमी होणं हे नुकसानीचं अर्धंच रूप आहे. खरेदी किंमत विक्रीच्या ७५ टक्के आणि निव्वळ नफा ४ टक्के असेल, तर गेलेल्या एका नगाची भरपाई करायला तशाच १९ नगांची विक्री लागते. शिवाय सिस्टममध्ये ४ आणि मांडणीवर शून्य असेल तर नवी ऑर्डरच निघत नाही. ती जागा आठवडेच्या आठवडे रिकामी राहते आणि कुठल्याही अहवालात दिसत नाही. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन यांनी ३७ दुकानांतल्या सुमारे ३,७०,००० साठा-नोंदी तपासल्या तेव्हा ६५ टक्के नोंदी चुकीच्या निघाल्या. त्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून ज्या वस्तूची विक्री अचानक शून्य झाली पण पुस्तकात साठा आहे, अशांची यादी रोज काढा आणि मांडणीवर जाऊन पाहा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि बुडणारी विक्री त्याच दिवशी परत मिळते.

पहिले चार आठवडे फक्त छोटी मोजणी आणि आवकीची शिस्त. पुढचे चार गल्ल्याचे आकडे आणि नकाशावरचे ठिपके. खांब, टॅग, कॅमेरे यांचा विचार नवव्या आठवड्यात, आणि तोही सगळ्या दुकानासाठी एकदम नाही. जोखमीच्या वस्तूंपैकी १० ना उपाय लावा, तशाच १० ना लावू नका. चार आठवडे दोन्ही गटांची तूट आणि विक्री शेजारी शेजारी लिहा. तूट दर आठवड्याला सहा नगांनी उतरली, पण विक्री चाळीस नगांनी घसरली, तर तो उपाय काढून टाका आणि त्या १० वस्तू काउंटरच्या नजरेत आणून पुन्हा चार आठवडे मोजा.